चौथी सिस्टर

दिवाळीच्या आठवड्याची ड्युटी लिस्ट वॉर्डात लागली की तिच्याभोवती जेवढी गर्दी होते, तेवढी पगाराच्या दिवशीही होत नाही. वर तारखा, डावीकडे नावं आणि चौकटीचौकटीत एकेक अक्षर. एम म्हणजे मॉर्निंग, ई म्हणजे इव्हनिंग, एन म्हणजे नाईट, डीओ म्हणजे आठवड्याची सुट्टी. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री जिच्या नावापुढे एन पडला, ती अभ्यंगस्नानाच्या वेळेला पहाटेचं टेम्परेचर घेत असते, रक्ताचे नमुने काढत असते. भाऊबीजेला ई आला तर सकाळीच भावाला ओवाळून, ताटावरून उठून बस गाठायची. ही लिस्ट इन्चार्ज सिस्टर बनवते. सरकारी कागदात तिला परिसेविका म्हणतात. मग मेट्रनच्या ऑफिसातून तिच्यावर सही होते. एखादीला झुकतं माप मिळालं तर वर्षभर बोलणी खावी लागतात, हे माहीत असल्यामुळे बहुतेक इन्चार्ज सिस्टर मोठे सण स्वतःच्या नावावर घेऊन मोकळ्या होतात.

या लिस्टमागे एक जुना, न लिहिलेला करार असतो. वसईची किंवा केरळची ख्रिश्चन सिस्टर लक्ष्मीपूजनाची नाईट घेते आणि नाताळच्या रात्री तिच्या जागी सातारची किंवा लातूरची सिस्टर उभी राहते. ईदला मुस्लिम सिस्टरची ड्युटी दुसरी कुणीतरी उचलते. कुठल्याही नियमपुस्तकात हे नाही आणि कुठल्याही व्यवस्थापनाने ते शिकवलेलं नाही. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून इतकी वर्षं सगळ्या धर्मांचे सण साजरे झाले ते या देवाणघेवाणीवर, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण या समजूतदारपणाने प्रशासनाची मोठी सोय करून ठेवली आहे. माणसं कमी आहेत हा प्रश्न मग मेट्रनच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. वॉर्डातल्या बायका तो आपापसात वाटून घेतात आणि तिथेच संपवतात.

माणसं किती कमी आहेत, हे कुणालाही कागद-पेन घेऊन काढता येईल. वॉर्डातली एक जागा धरा, म्हणजे पाच-सहा रुग्णांमागे चोवीस तास एक सिस्टर हजर असणं. दिवसाला तीन पाळ्या, वर्षाला १,०९५. एका सिस्टरला आठवड्याला एक सुट्टी दिली की तिचे कामाचे दिवस उरतात ३१३. महाराष्ट्रात खासगी आस्थापनांना लागू असलेला कायदा तिला वर्षाला आठ किरकोळ रजा देतो, सणांच्या आठ पगारी सुट्ट्या देतो आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे एक हक्काची रजा देतो. त्या साधारण चौदा होतात. हे सगळं वजा केलं की राहतात २८३ दिवस. आता १,०९५ ला २८३ ने भागा. उत्तर येतं ३.८७.

म्हणजे एका जागेला चार सिस्टर लागतात, आणि नेमल्या जातात तीन. पाळ्या तीन, म्हणून माणसं तीन, असा तो ढोबळ हिशेब. चौथी कागदावरही नसते. तिच्या वाटच्या २४६ पाळ्या दर वर्षी उघड्या राहतात आणि रुग्ण तर तसाच सोडता येत नाही, म्हणून उरलेल्या तिघी त्या भरून काढतात, प्रत्येकी ८२. यात आजारपण धरलेलं नाही, बाळंतपणही नाही. २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण जिथे जवळजवळ सगळा स्टाफ पंचविशी-तिशीतल्या मुलींचा आहे, तिथे त्या सहा महिन्यांसाठी रिलिव्हर नेमला नाही तर एकीच्या बाळंतपणाचा भार तिच्या मैत्रिणींवर पडतो. मग गरोदर सिस्टरला अवघडल्यासारखं होतं. तिचा कायदेशीर हक्क तिला सहकाऱ्यांचे उपकार वाटू लागतो.

हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं मुळीच नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि त्यावर रजेसाठी ३० टक्के राखीव पदं सांगितलेली आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या कर्मचारी तपासणी विभागाने काटकसरीच्या नजरेनेच हा विषय तपासला. त्यांनीही सर्वसाधारण वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका धरली आणि वर ४५ टक्के पदं वाढवून द्यावीत असं म्हटलं, कारण वॉर्ड वर्षाचे ३६५ दिवस चालतो आणि तीन पाळ्यांत काम करणाऱ्या परिचारिकेला महिन्याला आठ सुट्ट्या आणि तीन राष्ट्रीय सुट्ट्या देय आहेत. पैसे वाचवायला बसलेल्या माणसांनासुद्धा चौथी सिस्टर दिसली होती.

मग ती नेमली का जात नाही? माझं उत्तर असं आहे: कारण तिच्या गैरहजेरीचा खर्च कुणाच्याच वहीत चढत नाही. जादा तास लिहिले जात नाहीत, म्हणून त्यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून रिकामी जागा स्वस्त पडते.

जादा काम म्हटलं की आपल्याला डबल ड्युटी आठवते. पुढच्या पाळीची सिस्टर आली नाही, वॉर्ड सोडून जाता येत नाही, म्हणून मॉर्निंगवालीने इव्हनिंगही करायची. हे निदान दिसतं तरी. जास्त तास जातात ते न दिसणाऱ्या जागी. ओव्हर देणं-घेणं हे त्यातलं सगळ्यात मोठं. पाळी बदलताना प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगायचं: कुणाला कोणतं औषध गेलं, कुणाची लघवी किती झाली, कुणाच्या ड्रेनमधून काय येतंय, कुणाचा रिपोर्ट यायचाय. मग कुलपातल्या मॉर्फिनच्या अॅम्प्यूल मोजायच्या, सिलिंडर, सक्शन मशीन, इन्स्ट्रुमेंटचा ट्रे मोजून सह्या करायच्या. यात हलगर्जीपणा झाला तर माणूस दगावतो. त्याला अर्धा तास सहज लागतो, आयसीयूत जास्त. बहुतेक ठिकाणी हा अर्धा तास ड्युटीत धरत नाहीत. येताना अंगठा दहा मिनिटं उशिरा लागला तर हाफ डे कापला जातो आणि जाताना चाळीस मिनिटं उशीर झाला तर त्याची दखल घेणारं कुणी नसतं, ही तक्रार खासगी रुग्णालयांतून नेहमी ऐकू येते.

या अर्ध्या तासाची किंमत काढू. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३ तास. पगार २०,००० रुपये धरला तर दिवसाला आठ तासांप्रमाणे तासाचे साधारण ९६ रुपये पडतात. जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे, म्हणजे १९२. तेरा तासांचे २,५०० रुपये. वर्षाचे ३०,००० रुपये, म्हणजे दीड महिन्याचा पगार. शंभर सिस्टर असलेल्या रुग्णालयात ही रक्कम वर्षाला ३० लाखांवर जाते, आणि हा हिशेब फक्त ओव्हर देण्याच्या वेळेचा आहे. रद्द झालेले डीओ, डबल ड्युट्या, हातातला डबा तसाच ठेवून उठावं लागलेली जेवणाची सुट्टी हे सगळं त्याच्या बाहेर आहे.

कायदा मी मघापासून म्हणतोय तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. मूळ रूपात तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला. त्याच्या व्याख्येत रुग्णालय, दवाखाना, पॉलिक्लिनिक, प्रसूतिगृह यांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि धर्मादाय न्यास नफ्यासाठी चालत नसला तरी व्यवसाय करत असेल तर तोही त्यात येतो. २०१७ च्या मूळ कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती. तीन महिन्यांत मिळून १२५ तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइमला परवानगी नव्हती. साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची आणि जाण्यायेण्याची सोय हवी. सणांच्या आठ सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार द्यायचा आणि वर एक बदली सुट्टीही द्यायची. दोन्ही. लक्ष्मीपूजन त्या चारांत असेल, तर त्या रात्री वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला कायद्याने जे मिळायला हवं ते एवढं आहे. प्रत्यक्षात तिला बहुतेक ठिकाणी मिठाईचा पुडा मिळतो.

बारा तासांच्या पाळ्यांकडे या कायद्याच्या नजरेने पाहिलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. कितीतरी लहान-मध्यम खासगी रुग्णालयं दोन पाळ्यांत चालतात, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे ७२ तास, मर्यादेपेक्षा चोवीसने जास्त. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर ३१२ जादा तास, आणि मूळ कायद्याने परवानगी होती १२५ तासांची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर आणि तीन महिन्यांची ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. बारा तासांची पाळी त्या वाढीव मर्यादेतही बसत नाही. पण नियमापेक्षा जास्त काम होतंय म्हणून नियमच सैल करायचा, ही दिशा मला चुकीची वाटते. निदान रुग्णालयांच्या बाबतीत तरी, कारण तिथे थकव्याची किंमत दुसराच कुणी मोजतो.

हे भावनेने म्हणत नाही. अमेरिकेत अॅन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी ३९३ परिचारिकांकडून त्यांच्या कामाच्या रोजच्या नोंदी लिहून घेतल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाळी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली की चूक होण्याची शक्यता तिपटीने वाढत होती. त्याआधी २००२ मध्ये लिंडा आयकेन यांच्या अभ्यासात दिसलं होतं की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. सिस्टरच्या स्वतःच्या शरीराचं काय होतं, तेही माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचा समावेश कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केला आणि २०१९ मध्ये तो कायम ठेवला.

सरकारी रुग्णालयांची गोष्ट वेगळी आहे. दुकाने-आस्थापना कायदा तिथे लागू नाही. पगार खासगीपेक्षा कितीतरी बरा, नोकरी पक्की. पण ओव्हरटाइमचे पैसे ही कल्पनाच तिथे नाही. जादा ड्युटीच्या बदल्यात सीओ मिळतो, म्हणजे बदली सुट्टी, आणि ती घ्यायला माणूस मोकळं व्हावं लागतं. ते होत नाही. सीओ साठत जातात आणि काही काळाने बुडतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, सगळे शनिवार सुट्टीचे झाले. सरकारी रुग्णालयं त्यातून वगळली गेली. वगळणं समजू शकतं, वॉर्ड शनिवारी बंद ठेवता येत नाही. पण दुसऱ्यांना मिळालेल्या त्या दिवसांच्या बदल्यात परिचारिकांना काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आणि पदं रिकामी राहतात, किंवा कंत्राटाने भरली जातात. राज्याच्या सेवेतल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. त्याच वॉर्डात, त्याच पाळीत, तेच इंजेक्शन देणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी स्टाफ नर्सला जाहिरातींतून देऊ केलेलं मानधन महिना २०,००० रुपये. कंत्राटी सिस्टर जादा ड्युटीला सहसा नाही म्हणत नाही. करार वर्षाचा असतो, पुढच्या वर्षी तो वाढवायचा असतो. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस राज्यभरातल्या सरकारी परिचारिका खासगी एजन्सीमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधात संपावर गेल्या. जुलै २०२५ मध्ये त्या पुन्हा आझाद मैदानावर आल्या आणि मग बेमुदत संपावर गेल्या. वेतनातल्या त्रुटी आणि कंत्राटी भरती हेच प्रश्न पुन्हा पुढे होते. संप झाला की शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याच्या बातम्या येतात, रुग्णांचे हाल छापून येतात आणि संपाला बंदी घालणाऱ्या मेस्मा कायद्याची भाषा सुरू होते. हाल खरेच असतात. पण परिचारिका कमी असल्यामुळे एरवी वर्षभर रुग्णांचे जे हाल होतात, त्यांची बातमी होत नाही.

दिवाळीच्या अंकात लिहायला जड जातं, तरी एक तारीख इथे नोंदवतो. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातल्या आयसीयूला सकाळी आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. त्या दिवशी सगळा गाव सणात होता आणि त्या खोलीत कुणीतरी ड्युटीवर होतं. पुढे निलंबनं झाली आणि अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात रात्री आग लागून दहा बाळं गेली होती. तिथेही परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. कोण दोषी, हे ठरवायला न्यायालयं आहेत. मला फक्त एवढंच दिसतं की वायरिंग कुणी केलं, अग्निसुरक्षेच्या तपासणीचं काय झालं, या कक्षाला किती माणसं मंजूर होती आणि त्या पाळीत किती होती, हे प्रश्न मागून सावकाश येतात. ड्युटी लिस्टवर नाव कुणाचं होतं, हे आधी पाहिलं जातं. काम वाटून देण्यासाठी बनवलेला कागद जबाबदारी टाकण्यासाठी तत्काळ सापडतो. मग मोबदला देण्यासाठीही तोच कागद पुरावा का मानला जात नाही?

दाद मागण्याची वाट परिचारिकांना नवी नाही. रुग्णालय हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने उद्योग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली म्हटलं ते हॉस्पिटल मजदूर सभेने लढवलेल्या, मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयांतल्या कामगारांच्या खटल्यात. मधे न्यायालयाचं मत फिरलं आणि १९७८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते पुन्हा पहिल्या बाजूला आणलं. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने केलेल्या याचिकेवर जानेवारी २०१६ मध्ये आदेश झाला आणि केंद्राला समिती नेमावी लागली. समितीने सांगितलं: २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार द्या. १०० ते २०० खाटांना त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि पन्नासच्या खाली कितीही लहान रुग्णालय असलं तरी २०,००० रुपयांच्या खाली नाही. कामाचे तास, रजा, वाहतूक, राहण्याची सोय हे सगळं सरकारी परिचारिकांच्या बरोबरीने द्यावं, असंही त्यात होतं. आरोग्य राज्यांचा विषय, म्हणून ते राज्यांकडे गेलं. केरळात मोठी आंदोलनं झाली आणि २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना निघाली. महाराष्ट्रात कितीतरी नर्सिंग होममधल्या मुलींना समितीने लहानात लहान रुग्णालयासाठी सांगितलेला तो आकडा आजही दूरचा वाटतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्येच परिचारिकांसाठी वेगळा करार आणि शिफारस मंजूर केली होती. शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये सलग बारा तास विश्रांती, जादा काम धरूनही दिवसाला बारा तासांची कमाल मर्यादा आणि वेळापत्रक पुरेसं आधी कळवणं या गोष्टी आहेत. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. इव्हनिंग करून रात्री अकराला घरी पोचलेल्या आणि सकाळी सातला मॉर्निंगला हजर झालेल्या सिस्टरला त्या शिफारशीचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. दहा हजार तरुण-तरुणींची बोली झाली आणि त्यात परिचारिका आहेत. त्यांना सरकारच जर्मन शिकवणार. तिथे रात्रपाळी, रविवार आणि सणाच्या दिवशीच्या कामाला पगारावर जादा भत्ता असतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर कर लागत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत बहुतेक नोंदणीकृत परिचारिकांना रात्रीसाठी ३० टक्के, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीसाठी ६० टक्के जादा मिळतात. आपल्या मुली तिकडे जातात त्याला फक्त चलनाचा दर कारण नाही. तिथे रात्रीच्या तासाला दिवसाच्या तासापेक्षा जास्त किंमत आहे आणि ती महिन्याच्या पगारपत्रकात वेगळ्या ओळीत छापलेली असते. त्यांनी जावं, जरूर जावं. पण ज्या राज्यात वॉर्डावॉर्डांतली चौथी जागा रिकामी आहे, त्या राज्याने बाहेर पाठवायच्या परिचारिकांची संख्या आधी जाहीर करावी आणि इथल्या सिस्टरांना रात्रीचा नि सणाचा काय दर देणार, हे अजून सांगूच नये, हे मला पटत नाही.

करण्यासारखं आहे, आणि त्यातलं बरंचसं उद्यापासून करता येईल. ड्युटी लिस्टमध्ये प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना हवा: प्रत्यक्ष ओव्हर दिल्याची वेळ. ओव्हरच्या वहीत दोघींच्या सह्या होतातच, तिथे घड्याळाची वेळ लिहिली की तो पुरावा झाला. लिस्ट निदान पंधरा दिवस आधी लागावी. इव्हनिंगनंतर लगेच मॉर्निंग नसावी. साठलेल्या सीओंचा आकडा पगारपत्रकावर छापावा. चार सणांच्या सुट्ट्या ठरवण्याची कायद्यातली अट तर अगदी स्पष्ट आहे: वर्ष सुरू होण्यापूर्वी, मालक आणि कामगार यांच्या संमतीने. म्हणजे बोलणी डिसेंबर संपायच्या आत व्हायला हवीत, आणि ज्यांचे सण वेगवेगळे आहेत त्या सगळ्यांना विचारून. खासगी रुग्णालयांत काम करणाऱ्या कित्येक सिस्टरांना असं काही ठरवायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नाही. जिथे व्यवस्थापन विचारत नाही, तिथे चौघी-पाचजणींनी मिळून लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि उत्तर आलं नाही तर ती प्रत घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जावं.